पिवळ्या बटणांचा कप्पा

धाकटीनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "ताई, मला नको. जीभ भाजल्यासारखी झालीय."

"चहा गरम प्यायली असशील."

"चहा कधीच सोडला. आता पाणीसुद्धा झोंबतंय."

दुपारचं जेवण आम्ही खाली दुकानातच करतो. कापायच्या लांब टेबलावरचं कापड एका बाजूला सारायचं, खडूची पूड फडक्यानं पुसायची आणि उरलेल्या जागेत चार ताटं मांडायची. बाबा कटर आहेत. शाळांचे गणवेश शिवायचा आमचा जुना धंदा, आणि शिलाईची बाजू आई सांभाळायची. आईला जाऊन तेव्हा महिना होऊन गेला होता. तिचं मशीन भिंतीशी झाकण घालून ठेवलेलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, तरी त्या झाकणावर कुणी साधी कात्रीसुद्धा ठेवत नव्हतं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि प्रकाशकांची मुद्रितं तपासते. आईच्या शेवटच्या आठवड्यात कामाचे गठ्ठे घेऊन आले, ती वरच्या खोलीत राहूनच गेले.

चौथं ताट काजवाली मावशीचं. काज-बटण करायला ती आमच्याकडे मी शाळेत होते तेव्हापासून येते.

"दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो हिचा," मावशी म्हणाली. "जीभ सोलली नाही तरच नवल."

"तसं असतं ना मावशी, तर तुमची एव्हाना झिजून गेली असती."

बाबा हसले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही.

जेवण झाल्यावर हात धुताना धाकटीनं बाही वर सारली. मनगटाच्या वर निळसर डाग होते, काही जुने, पिवळे पडत चाललेले, काही ताजे.

"हे काय?"

"टेबलाची कड लागली."

"कधी?"

"अगं, लागतच असते."

टेबलाची कड आमच्या घरात सगळ्यांनाच लागते. त्यानं असे डाग पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

धाकटी एकोणीस वर्षांची. सांध्यांचा आजार तिला लहानपणीच जडला. सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत, शाळेत पेन धरता यायचं नाही. आईलाही तोच आजार, फक्त तिला तो पन्नाशीनंतर लागला. दोघींना गोळी एकच होती. लहान, पिवळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. उरलेल्या दिवशी दुसरी एक गोळी घ्यायची, तीही लहान आणि पिवळीच. ती नुसतं जीवनसत्त्व. पहिलीचा शरीराला त्रास होऊ नये म्हणून दिलेलं. या गोळ्यांनी धाकटीला तिचे हात परत मिळाले. गणवेशाच्या खिशांवर शाळांचे बिल्ले भरायचं काम ती करू लागली, आणि ते इतकं सुबक करायची की मागच्या बाजूनं बघितलं तरी टाका मोजता यावा.

मग कायदा आला. ती आठवड्याची गोळी जास्त प्रमाणात घेतली तर गर्भ पडू शकतो, म्हणून तिचं नाव कायद्याच्या यादीत गेलं. बारा वर्षांच्या मुलीपासून पंचेचाळीस वर्षांच्या बाईपर्यंत कुणालाही ती औषधाच्या दुकानात मिळणार नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या एका खिडकीवर मिळेल. त्यासाठी दर महिन्याला गरोदरपणाची तपासणी करायची आणि दोन डॉक्टरांच्या सह्या आणायच्या. त्यातल्या एका डॉक्टरची जागा पहिल्या दिवसापासून रिकामी होती. त्या वयाच्या बाईला कुणी ही गोळी परस्पर दिली तर देणाऱ्याला तुरुंग. आणि त्या वयाच्या बाईच्या शरीरात तिचा परिणाम आढळला तर हॉस्पिटलनं पोलिसांना कळवायचं.

मी तो कायदा मुळातून वाचला. भाषा स्वच्छ होती. जवळजवळ प्रत्येक कलमात मुलींच्या आरोग्याची काळजी होती. सांध्यांचा उल्लेख कुठंच नव्हता.

आई कायद्याच्या वयाबाहेर होती. तिला तीच गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळायची. आई ती आणायची आणि धाकटीला द्यायची. "माझ्या बोटांनी करायचं तेवढं करून झालंय," असं म्हणायची. पाकिटावर नाव छापलेलं असतं म्हणून गोळ्या सोलून काढायची, पाकिटाचे कात्रीनं बारीक तुकडे करून चिंध्यांच्या पोत्यात टाकायची, आणि गोळ्या ठेवायची बटणांच्या पेटीत. भिंतीएवढी लाकडी पेटी, तिला अंगठ्याएवढे कप्पे. एका शाळेचा शर्ट पिवळा आहे. त्याच्या बटणांच्या ओळीत दोन कप्पे गोळ्यांचे होते. बघणाऱ्याला बटणंच वाटावीत.

आपली गोळी तिनं वाटून घेतली म्हणून ती लवकर गेली का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, नाही, फुफ्फुसाचा संसर्ग होता. मी ते तसंच धरून चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले, तर धाकटी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होती. एका झटक्यात ओवला आणि माझ्याकडे बघून सुई नाचवली.

"बघितलंस? सकाळी सकाळी. इतकी छान बोटं कित्येक दिवसांत चालली नव्हती. आणि तेही गोळीशिवाय."

तिचा चेहरा तापानं लाल झालेला होता. ओठांच्या कडा फाटल्या होत्या. मी तिच्या कपाळाला हात लावायला गेले होते, तो मध्येच थांबला.

"गोळीशिवाय म्हणजे?"

"आठवड्याची. संपली ना."

"कधी संपली?"

"आई गेली त्याच सुमारास. कप्प्यात बघितलं तर रिकामा. तुला सांगितलं असतं तर तू कुठंतरी धावाधाव करत बसली असतीस. बाबांची ही अशी अवस्था. म्हटलं, बघू तरी किती दिवस निभतंय. आणि बघ, निभतंय की!"

"आणि रोजची?"

"रोजची रोज घेते. ती काय, भरपूर आहे."

काही तरी चुकतंय एवढं मला कळलं, काय ते कळलं नाही. मी पेटीपाशी गेले. पिवळ्या ओळीतला एक कप्पा रिकामा होता. शेजारचा काठोकाठ भरलेला. मी त्यातल्या गोळ्या काढल्या आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर पसरल्या. वरून माझं भिंग आणलं. सगळ्या एका आकाराच्या, सगळ्या पिवळ्या. काहींच्या मधोमध बारीक रेघ होती. काहींच्या नव्हती. रेघेच्या गोळ्यांचा पिवळा जरासा फिका होता.

बाबा कापडाचा ताका खांद्यावर घेऊन आत आले.

"बाबा, या कप्प्यातल्या गोळ्या कुणी हलवल्या?"

"मीच," ते म्हणाले. आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षाही होती. "तुझी आई गेल्यावर पेटी साफ केली ना सगळी. शेवटी शेवटी तिचं लक्ष उडालं होतं. निळ्यात राखाडी, चार भोकांच्यात दोन भोकांची, काय वाट्टेल ते. गोळ्यासुद्धा दोन ठिकाणी ठेवल्या होत्या. मी एकत्र केल्या."

"पण रंगात फरक दिसतोय."

"दिसतोय की. मला नाही दिसणार?" त्यांनी ताका खाली ठेवला, एक एक गोळी बोटाच्या टोकावर घेतली आणि उजेडाकडे धरली. "एवढा फरक येतोच. दोन वेळच्या मालात रंग थोडा उतरतो. बटणांचं काय होतं? तीही एकाच कप्प्यात टाकतो आपण. शर्टाला एकाआड एक लावली की कुणाच्या बापाला कळत नाही."

चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि ते बरोबरच होतं. धाकटी टेबलाकडे बघत होती. मग तिनं सुई हळूच सुयांच्या गादीत टोचून ठेवली.

"म्हणजे मी रोज..." ती म्हणाली.

"रोज नसेल," मी म्हटलं. "कधी ही, कधी ती. हाताला येईल ती."

"किती वेळा?"

ते कुणालाच सांगता येणार नव्हतं.

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते ताक्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिले.

सांध्यांच्या डॉक्टरबाईंना मी फोन लावला. मी दोन वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "गोळीचं नाव फोनवर घेऊ नका. ताप आहे?"

"आहे."

"तोंडात फोड?"

"आहेत. अंगावर डागही आहेत."

"मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता. याच्यावर उतारा आहे, इंजेक्शननं देतात, पण काय झालंय ते माहीत असलं तरच देतील. नुसता ताप म्हणालात तर तापाचं औषध मिळेल. कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

"माझ्याकडे आणलंत तरी मलाही कळवावंच लागेल. आणि माझ्याकडे उतारा नाही. निघा."

मी फोन ठेवला तेव्हा काजवाली मावशी दारात आली होती आणि तिला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून निम्मं समजलं होतं. उरलेलं निम्मं बाबांनी सांगितलं.

"हॉस्पिटलात?" मावशी दारातच उभी राहिली. "तरुण पोरीला? या गोळीचं नाव घेऊन? अगं, इस्त्रीवाल्याची सून आठवते ना? तिचं आपलं आपण पडलं. चौथ्या महिन्यात. अंगावरून जायला लागलं म्हणून नेली. तर खाटेशी पोलीस. काय खाल्लंस, कुणी दिलं. पोर गेलं ते गेलं, वर चौकीच्या चकरा. आता त्या गल्लीतली एकही बाई दवाखान्यात जात नाही. घरीच कण्हतात."

"मी नाही जाणार," धाकटी म्हणाली.

"जायचं नाही तर काय करायचं?"

"पाणी पिईन भरपूर. गोळी बंद केली की उतरेल आपोआप."

"नाही उतरणार."

"तुला काय माहीत? तू पुस्तकं तपासतेस, माणसं नाही."

ती चिडली की टोचून बोलते, आईसारखी. मी तिच्यासमोर बसले. तिचा श्वास गरम होता आणि त्याला एक वेगळाच वास येत होता.

"ते मला तपासतील," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांसमोर. पोटात काही होतं का म्हणून. ताई, आजवर कुणी माझा हातसुद्धा धरलेला नाही. बोटं बघूनच पळतात."

मला हसू आलं आणि तिलाही, आणि हसताना तिचा ओठ पुन्हा फाटला. रक्त आलं. कापसानं दाबून धरलं तरी ते थांबायला तयार नव्हतं. दोघी वाट बघत राहिलो. कापूस बदलला. तोही भिजला.

तेव्हा ती आपणहून उठली आणि चपला शोधू लागली.

गाडीत बाबा पुढं बसले होते. मागं वळून म्हणाले, "ताप आलाय, एवढंच सांगायचं. बाकी त्यांना शोधू दे. एवढ्या मशिनी असतात त्यांच्याकडे."

"बाबा, सांगितलं नाही तर उतारा देणार नाहीत."

"आणि सांगितलं तर हिला..."

"हिला नाही. ज्यानं गोळी दिली त्याला."

मला ते बोलायचं नव्हतं. बाबा पुढं वळले. पूर्ण रस्ताभर मला त्यांची मान दिसत होती, आणि कॉलरीच्या आत शर्टाला लागलेली खडूची एक रेघ.

इमर्जन्सीत त्या दुपारी गर्दी नव्हती. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती, धाकटीपेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी मोठी. तिनं टॉर्च घेऊन धाकटीचं तोंड उघडून पाहिलं, हातावरचे डाग पाहिले, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. मग सरळ उभी राहिली.

"काही औषध चालू आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. "काहीच नाही. आमची पोर अगदी ठणठणीत असते."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. सांग असंही असेल, सांगू नकोस असंही.

मी गोळीचं नाव घेतलं. सांध्यांसाठी चालू होती म्हटलं, आणि चुकून रोज पोटात गेली असावी, असंही सांगितलं. मुद्रित वाचून दाखवावं तसं मी ते सांगितलं.

डॉक्टर काही लिहीत होती, ती थांबली. तिनं पडदा ओढला.

"तुम्ही हे सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. "आणि आता मला काय करावं लागेल तेही तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे. आधी उतारा द्या."

"देते. पण आधी तपासणी. तिचा निकाल आल्याशिवाय या प्रकरणात औषध सुरू करता येत नाही. तसा नियम आहे."

"कसली तपासणी?" बाबांनी विचारलं. डॉक्टरनं धाकटीच्या पोटाकडे नजर टाकली.

"आणि निकाल 'हो' आला तर?" मी विचारलं.

"तर वर विचारावं लागतं."

"कुणाला?"

"समिती आहे." तिनं धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला आणि स्वतःच रक्त घेतलं. सुई काढल्यावर त्या जागी बोट दाबून धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. रक्त थांबत नव्हतं ते तिलाही दिसत होतं. सिस्टरला म्हणाली, "हे स्वतः लॅबमध्ये घेऊन जा. हातात द्या त्यांच्या. आणि ते इंजेक्शन काढून ठेवा."

इंजेक्शनची बाटली आली. स्टीलच्या ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्याशेजारी, सुईसकट. ट्रे खाटेच्या शेजारच्या कपाटावर होता. मी हात लांब केला असता तर तो पोचला असता. आम्ही तिघं त्या बाटलीकडे बघत बसलो.

धाकटीला थंडी वाजायला लागली. मी चादर ओढली, सिस्टरनं आणखी एक आणून दिली. दात वाजताना जीभ चावली जाऊ नये म्हणून ती दात आवळून धरत होती. मी डॉक्टरकडे दोनदा गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, लॅबमध्ये रांग आहे. दुसऱ्यांदा फोन उचलून स्वतःच लॅबला विचारलं, आणि ठेवताना तो जरा आपटला.

"माझीच चूक," बाबा पुटपुटत होते. "माझीच."

"बाबा, गप्प बसा ना जरा," धाकटी दातांच्या फटीतून म्हणाली. "तुम्ही बोललात की मला रडू येतं. रडलं की मिठाचं पाणी ओठात जातं. झोंबतं."

निकाल आला तेव्हा सिस्टर अक्षरशः पळत आली. "नाहीये," तिनं पडद्याबाहेरूनच सांगितलं. डॉक्टरनं कागद पाहिलासुद्धा नाही. औषध सुईत ओढलं. ते शिरेत जाताना मी भिंतीकडे पाहिलं.

मग डॉक्टर बाहेर गेली आणि तिनं पोलिसांना फोन केला. काचेतून ती मला दिसत होती. फोन कानाला लावून आमच्याकडे पाठ करून उभी होती.

महिला पोलीस आली ती दमलेली होती. वय आईच्या आसपासचं, खांद्याला पर्स, हातात डबा. खुर्ची ओढून बसली आणि आधी धाकटीकडे बघून म्हणाली, "झोप तू बाळ. तुझ्याशी नंतर." मग आमच्याकडे वळली. "गोळ्या कुठून आल्या?"

गाडीतून उतरल्यापासून मी याच प्रश्नाची वाट बघत होते. तरी उत्तर आधी ठरवलेलं नव्हतं.

"आमच्या आईनं दिल्या," मी म्हटलं. "तिच्या स्वतःच्या होत्या. ती हिला द्यायची."

"आई कुठायत?"

"वारली. मागच्या महिन्यात."

तिचं पेन थांबलं, मग पुढं चाललं. "आणि रोज घ्यायला कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणी नाही. दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र झाल्या. आई शेवटी आजारी होती. तिच्याकडून मिसळल्या असतील."

"नाही," बाबा म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते. "नाही बाई. तिनं नाही मिसळल्या. तिचे कप्पे बरोबर होते. आयुष्यात तिचा कप्पा कधी चुकला नाही. मी..."

"बाबा."

"मीच एकत्र केल्या. मला वाटलं, एकच माल आहे."

पोलीसबाईनं मान वर केली. "म्हणजे तुम्ही हाताळल्या? मुलीला तुमच्याकडून मिळाल्या?"

धाकटीनं डोळे उघडले होते.

"आई गेल्यापासून ते असंच बोलतात," मी म्हटलं. "जे काही होतं ते आपल्यामुळं झालं, असं वाटतं त्यांना. त्यांना धड काही आठवत नाही. काल गॅस चालू राहिला, तर तोही मीच, म्हणाले. तो मी चालू ठेवला होता."

गॅसची गोष्ट खोटी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्यांना आपल्याच मुलीनं लोकांसमोर वेडं ठरवलं होतं आणि ते का, हेही त्यांना कळलं होतं. ते सावकाश खाली बसले.

पोलीसबाई आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"आईंचं वय?"

मी सांगितलं.

"मृत व्यक्तीवर पुढं काही होत नाही," लिहिता लिहिता ती म्हणाली. "पण नाव राहतं. मुलीचंही राहील. चालेल?"

असं विचारायची तिला गरज नव्हती. मी हो म्हटलं. तिनं माझी सही घेतली, डबा उचलला आणि गेली.

त्यानंतरचे दिवस रक्ताच्या रिपोर्टांवर काढले. पेशींचे आकडे आधी खाली गेले. डॉक्टर म्हणाली, जातातच, मग वर येतात. मग आणखी खाली गेले, तेव्हा तिनं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. आम्हाला तोंडाला पट्टी बांधून आत सोडायचे. धाकटी छताकडे बघत पडून असायची आणि बोलायची नाही. ती बोलत नाही हे मला सगळ्यांत भयंकर वाटायचं. काजवाली मावशी एकदा आली, दाराच्या काचेतून बघितलं आणि मला म्हणाली, "पट्टा बंद झाला गं हिचा." डोळे पुसत गेली.

बाबा दिवसभर बाहेरच्या बाकावर बसायचे. माझ्याशी बोलत होते, पण फक्त डबा, रिक्षा, रिपोर्ट एवढंच. एका दुपारी मात्र म्हणाले, "तुझी आई पिवळ्यातला पिवळा वेगळा काढायची. अंधारात. बोटांनी."

"माहीत आहे बाबा."

"आता कागदावर उलटं लिहिलंय."

"हो."

"मी गेलो असतो तुरुंगात. मला चाललं असतं."

"मला नसतं चाललं."

त्यांनी मान हलवली. ती पटलं म्हणून हलवली, की नुसतीच, हे मला कळलं नाही. आईचं नाव मी दिलं होतं. तिला विचारण्याची सोय नव्हती. ती हो म्हणाली असती, असं मनाला सांगायला सोपं होतं, म्हणूनच मी ते सांगत नव्हते.

मग एका सकाळी आकडे थोडे वर आले. दुसऱ्या सकाळी आणखी थोडे. ताप उतरला. डॉक्टरनं तोंडात टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाली, "पातळ काहीतरी द्या. गार करून."

ती बाहेर आली तेव्हा मी तिला पुढचं विचारलं. सांध्यांचं काय?

"ती गोळी काही महिने तरी नाहीच. नंतर परत सुरू करावी लागेल. तिच्यासाठी चांगली आहे ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आता खिडकीवर तिचं नाव दिलंत की पोलिसांची नोंद निघेल. तशी नोंद असली तर देत नाहीत. मी चिठ्ठी लिहून देईन. उपयोग होईल असं सांगत नाही."

"दुसरी गोळी?"

"आहेत. तितक्या चांगल्या नाहीत. त्यातली एक याच यादीत घालायची म्हणतात."

मी सूप घेऊन आत गेले. धाकटीला उशा लावून बसवलेलं होतं. केस विरळ झाले होते आणि चेहरा एवढासा.

"गार केलंस?" आवाज घोगरा होता, पण होता.

"केलं."

"बाबा कुठायत?"

"बाहेर. येतील."

"तुझ्याशी बोलले का?"

"बोलले."

"मला सगळं ऐकू येत होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "गॅस कधी चालू राहिला होता गं?"

मी वाटी तिच्यासमोरच्या पाटावर ठेवली आणि चमचा तिच्या हातात दिला. तिनं तो धरायचा प्रयत्न केला. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आलं आणि मध्येच थांबलं. सांधे सुजलेले होते, चकचकीत. इतक्या दिवसांत मी तिच्या तोंडाकडे, तापाकडे, आकड्यांकडे बघत होते. हातांकडे पाहिलंच नव्हतं. तिनं मात्र पाहिलेलं होतं. चमचा घसरून चादरीवर पडला तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

तिनं तो दोन्ही तळव्यांच्या मध्ये पकडला, लहान मूल पकडतं तसा, आणि वाटीत बुडवला. तोंडापर्यंत नेताना थोडं सूप हनुवटीवर सांडलं. उरलेलं तिनं गिळलं. डोळे घट्ट मिटून, पण गिळलं.

मी हनुवटी पुसायला रुमाल पुढं केला, तशी तिनं मान मागं घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "मला अजून येतंय."